आधी व्हायरल लोड, मग पाळणा

अगं, माझ्यासारखाच तुलाही एचआयव्ही आहे, तेव्हा सासूबाई बाळाचं विचारतात म्हणून घाई करू नकोस. आधी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, व्हायरल लोड करून घे; रक्तात विषाणू किती आहे ते त्यात कळतं. रोजची गोळी न चुकता चालू असेल आणि लोड सहा महिने २०० च्या खाली टिकला असेल, तर संबंधातून नवऱ्याला लागण होत नाही. मग डॉक्टरांशी बोलून, दिवस मोजून, कंडोमशिवाय प्रयत्न करा. लोड वर असेल तर थांबा. आम्हाला तेव्हा बिनसुईच्या सिरिंजने वीर्य आत सोडायला सांगितलं होतं. लाजेने मी ती तांदळाच्या डब्यात लपवली होती!

दिवस राहिले तरी गोळी बंद करायची नाही. आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं: डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध असलेली गोळी लोह-कॅल्शियमबरोबर उपाशीपोटी घेऊ नकोस, अंगी लागत नाही. मी लोह दुपारी जेवून घ्यायची, एआरटी रात्री नऊला.

बाळाला सुरुवातीचे आठवडे औषध असतं, सहाव्या आठवड्यात लागण तपासायला टाचेतून रक्त घेतात. शेवटची चाचणी दीड वर्षाने. आमचा तो रिपोर्ट आणायला नवरा एकटाच आत गेला, मी लेकीला घेऊन बाहेर रिक्षात बसून राहिले.