इटालियन 'फ्रेगारे' म्हणजे घासणे की फसवणे? हा शब्द आला कुठून, आणि 'मे ने फ्रेगो' बोललेलं चालतं का?

दोन्ही. पण घासणे आधी, फसवणे नंतर. ठासून सांगतेय, कारण याच शब्दावरून कित्येक वर्षं माझी टिंगल चाललीय.

इटलीतल्या पादोव्यात शिकताना आम्ही दोघी मराठी मुली एका आजीबाईंच्या घरात भाड्यानं राहायचो. घर सोडायच्या दिवशी डिपॉझिट कापू नये म्हणून मी त्यांची करपलेली पातेली तारेच्या घासणीनं तीन तास घासली. त्या आल्यावर छाती फुगवून म्हटलं, "ओ फ्रेगातो तुत्ते ले पेंतोले." सगळी पातेली घासली. त्यांनी आधी माझ्या बॅगेकडे पाहिलं, मग ओट्याकडे, आणि चक्क पातेली मोजली! बोलीत ते वाक्य 'सगळी पातेली ढापली' असंच ऐकू येतं. मैत्रीण हसून हसून खाली बसली. तेव्हापासून चार लोक जमले की हा किस्सा, आणि शेवटी तिचं ठरलेलं, "अगं, फ्रेगारे म्हणजे फ्रॉडच. एकच शब्द."

नाही. फ्रॉडचं मूळ लॅटिन 'फ्राउस', त्याचं इटालियन 'फ्रोदे'. फ्रेगारे आलंय 'फ्रिकारे'वरून, म्हणजे चोळणे, घासणे. शाळेतलं फ्रिक्शन त्याच घरातलं. मधल्या 'क'चा 'ग' झाला, जसा 'पाकारे'चा 'पागारे' (पैसे देणे) झाला. स्पॅनिशमध्ये 'फ्रेगार' म्हणजे आजही सरळ भांडी घासणे. घासण्यातून फसवणं निघालं ते मधल्या एका चावट अर्थामुळे. आपल्या शिव्या आठवा, वाट कळेल.

मला मजा वाटते ती हातांची. इटालियन माणूस 'सी फ्रेगा ले मानी', म्हणजे हात चोळतो, तो खुशीत, घबाड मिळणार म्हणून. आपण हात चोळत बसतो ते सगळं गेल्यावर.

'मे ने फ्रेगो', म्हणजे गेलं उडत, मला काय त्याचं. मित्रांत चालेल, ऑफिसात नको. ते फॅसिस्टांचं घोषवाक्य होतं, १९३२च्या लेखात मुसोलिनीनं त्याचा गौरव केलाय. इटलीतल्या बार्बियाना या खेड्यातल्या शाळेत लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूनं भिंतीवर इंग्रजीत 'आय केअर' लिहिलं होतं. ते याच्या बरोबर उलट, असं त्यानंच म्हटलंय.

आता एक कबुली. पातेल्यांसाठी 'स्फ्रेगारे' म्हणायला हवं होतं. पुढे एक 'स' लावला की चोरीचा संशय मिटतो. तेवढी चूक माझी. पण फ्राउसचा इथे काडीचा संबंध नाही. मैत्रीण हे वाचेलच, तर बाई गं, किस्सा सांग हवा तितका, शेवटचं वाक्य तेवढं बदल.