ओट्यावरचा कोरा चेक

प्रश्न (पारोळा तालुका): गावातल्या एकाकडून शेकडा पाचने दोन लाख घेतले, सही केलेले दोन कोरे चेक दिले. २२ महिन्यांत २ लाख २० हजार व्याजच गेलं, मुद्दल तसंच. आता त्याचा पुतण्या रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतो. म्हणतो, 'चेक टाकसू, मंग बस जेलमा.' घरी कोणाला सांगितलेलं नाही. कपाशीचे पैसे देऊन मोकळा होऊ का?

उत्तर: भाऊ, कपाशीच्या पैशाला आत्ता हात लावू नका.

चेक वटला नाही म्हणून पोलीस दारात येत नाहीत. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत त्याने नोटीस द्यायची, ती मिळाल्यावर पैसे भरायला तुम्हाला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते, पण खटला चालून दोष सिद्ध झाल्यावर. पुतण्याला हे ठाऊक असावं. म्हणून तर चेक बँकेत जात नाही, नुसता खिशातून निघतो.

मात्र बिनघोर राहू नका. सही तुमची असली की चेकवर रक्कम कोणीही लिहो, कोर्ट आधी देणं आहे असंच धरतं. देणं नाही हे तुम्ही दाखवायचं. नोटीस आली की त्याच आठवड्यात वकिलामार्फत उत्तर द्या. पोस्टमनला 'घरी नाही' म्हणून परत पाठवायची आपल्याकडची हुशारी कोर्टात चालत नाही.

आता पैसे देणाऱ्याचं बघू. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली गुन्हा आहे: पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना आहे की नाही ते तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात विचारा. नसेल तर तिथेच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. झडती घेऊन कागद जप्त करायचा अधिकार त्या खात्याला आहे. परवाना निघाला तरी वर्षाला साठ टक्के व्याज कुठल्याच सरकारी दरात बसत नाही.

फोनवरून पैसे गेले असतील तर बँकेचा उतारा काढा. रोख दिले असतील तर तारखा आणि समोर कोण होतं ते वहीत लिहा. पुतण्या ओट्यावर आला की मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. शेत लिहून मागितलं तर सही करायची नाही.

आणि वहिनींना आजच सांगा. रोजचं ते बोलणं दाराआडून त्यांनी ऐकलं असेल, तर तुमच्या पहिल्या साक्षीदार त्याच.