विषाणू ‘मरतो’ का? जीव, जंतू आणि जिवाणू

प्रश्न असा आहे: ‘विषाणू पृष्ठभागावर काही तास जिवंत राहतो’, ‘साबणाने विषाणू मरतो’ अशी वाक्ये सर्रास छापली जातात. विषाणू सजीव नसेल, तर ही वाक्ये चूक का? त्याला ‘सूक्ष्मजीव’ म्हणावे का? आणि मग सगळ्यात लहान सजीव कोणता?

माझे मत आधीच सांगतो. बोलण्यात ‘मरतो’ चालेल, शास्त्रीय लेखनात ‘निष्क्रिय होतो’ लिहावे. आणि विषाणूला ‘सूक्ष्मजीव’पेक्षा ‘जंतू’ हा जुना शब्द जास्त शोभतो.

मराठीत ‘निर्जीव’ आणि ‘मृत’ एक नाहीत. दगड निर्जीव असतो, पण त्याला कोणी मृत म्हणत नाही. म्हणजे ‘विषाणू मेला’ असे लिहिले की तो आधी जगत होता हे आपण नकळत कबूल करून बसतो. साबण काय करतो? काही विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असते, साबणाने ते फुटते आणि विषाणूला पेशीत शिरता येत नाही. मोडलेल्या किल्लीला आपण मेलेली म्हणत नाही, मोडली म्हणतो. तरीही वैद्यकातच ‘जिवंत लस’ आणि ‘मृत लस’ हे शब्दप्रयोग रूढ आहेत. पोलिओची तोंडाने द्यायची लस पहिल्या प्रकारची, 1955 साली आलेली साल्क यांची टोचायची लस दुसऱ्या. इतक्या मुरलेल्या वापराला चूक ठरवण्यात मला अर्थ दिसत नाही.

घोटाळा खरा आहे, नुसता शब्दांचा नाही. 1935 मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वेंडेल स्टॅनली यांनी रोगट तंबाखूच्या रसातून विषाणूचे स्फटिक मिळवले. एखाद्या क्षारासारखे बाटलीत भरून ठेवता येतील असे. निरोगी पानाला ते चोळले की रोग पुन्हा हजर! 1946 साली स्टॅनली यांना नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचे, हे मला फार बोलके वाटते. कोणी म्हणेल, वाळके बीसुद्धा वर्षानुवर्षे निपचित पडून असते. पण बीच्या आत स्वतःच्या पेशी असतात. ओल मिळाली की ते आपल्याच यंत्रणेवर उगवते. विषाणूजवळ ती यंत्रणाच नाही. स्वतःची प्रथिने घडवायलाही त्याला दुसऱ्याची पेशी लागते.

आता शब्दांकडे. ‘प्राणी’च्या मुळाशी ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे हा धातू आहे, ‘जीव’च्या मुळाशी ‘जीव्’ म्हणजे जगणे, आणि ‘जंतू’च्या मुळाशी ‘जन्’ म्हणजे जन्मणे. संस्कृतात जंतू म्हणजे जन्मलेले काहीही, अगदी माणूससुद्धा. मराठीत तो आक्रसत पोटातल्या ‘जंता’पर्यंत आणि ‘जंतुनाशका’पर्यंत आला. विषाणू श्वास घेत नाही, आपल्या बळावर जगत नाही, पण पेशीत शिरला की त्याच्यासारखे शेकडो जन्मतात. म्हणून ‘जंतू’. ‘विषाणू’ या शब्दाने तर जिवंतपणाचा दावा केलेलाच नाही: विषाचा अणू, बस्स. लॅटिनमध्येही ‘व्हायरस’चा अर्थ विषच.

मराठीचे व्याकरण ही रेघ कुठे मारते, तेही पाहण्यासारखे आहे. आपण ‘मुलाला पाहिले’ म्हणतो, पण ‘झाड पाहिले’, ‘दगड पाहिला’. त्या ‘ला’पुरते झाड दगडाच्या रांगेत बसते! झाडही श्वसन करते, पण त्याला प्राणी म्हणायला आपली जीभ वळत नाही. भाषेच्या दृष्टीने जिवंत म्हणजे जे हलते, जे आपल्याकडे उलटून पाहते. जीवशास्त्राने पेशीवर नेमलेली सीमा भाषेत आयती सापडणार नाही.

लहान आकाराचेही तसेच. विषाणू लहान म्हणून निर्जीव, असे नाही. एका शीतक मनोऱ्यातला (कूलिंग टॉवरमधला) नमुना 1992 पासून जिवाणू समजून जपला होता. 2003 मध्ये तो विषाणू असल्याचे जाहीर झाले आणि जिवाणूची नक्कल करणारा म्हणून त्याचे नाव ‘मिमीव्हायरस’ पडले. त्याच्या जनुकसंचात, म्हणजे डीएनएच्या सगळ्या मजकुरात, सुमारे 12 लाख अक्षरे आहेत. उलट ‘मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम’ या माणसाच्या शरीरात राहणाऱ्या जिवाणूची अक्षरे सुमारे 5 लाख 80 हजार, म्हणजे निम्म्याच्याही आत. त्याला पेशीभित्तिका नाही, नुसते पातळ पटल. म्हणून भित्तिकेवर घाव घालणारे पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. तरी तो आपली प्रथिने आपण बनवतो आणि दुभंगून वाढतो. सर्वांत लहान सजीव विचारलात, तर याच मंडळींकडे बोट दाखवावे लागते. यजमानाशिवाय मोकळा जगणाराच हवा असेल, तर समुद्रातला ‘पेलॅजिबॅक्टर’ घ्या, सुमारे 13 लाख अक्षरांचा. ‘जिवाणू’ शब्दाचा ‘जीवाचा अणू’ हा अर्थ या दोघांना नेमका बसतो.

राहिले ‘जिवाणू’ शब्दाचे लेखन. जीव + अणू असा संधी धरला तर ‘जीवाणू’, आणि ‘जिवंत’, ‘जिवलग’ या मराठी वळणाने ‘जिवाणू’. दोन्ही रूपे छापील मजकुरात दिसतात. मी ऱ्हस्व लिहितो. एका लेखात एकच रूप ठेवा.