जनुकीय अहवालात ‘अनिश्चित’ बदल आला, तर?

प्रश्न : माझे वय ४३. गेल्या वर्षी डाव्या स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली. नंतर केलेल्या जनुकीय चाचणीत बीआरसीए-२ या (स्तन व बीजकोषांच्या कर्करोगाशी संबंधित) जनुकात ‘व्हीयूएस’, म्हणजे परिणाम निश्चित न झालेला बदल आढळला. दुसरा स्तन आणि बीजकोष काढून टाकावेत का? कॉलेजात जाणाऱ्या मुलीची चाचणी करावी का? यापेक्षा दोष आहे असे स्पष्ट आले असते तर बरे, असे वाटते. (एक वाचक, सांगली)

उत्तर : असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण वाईट बातमीनंतर निदान पुढे काय करायचे ते तरी ठरते. मात्र या अहवालाला अर्धा होकार समजू नका. २०१५ पासून रूढ असलेल्या वर्गीकरणात प्रत्येक बदल रोगकारक ते निरुपद्रवी अशा पाचपैकी एका गटात बसवतात आणि पुरावा अपुरा असला की तो मधल्या गटात राहतो. जगभरच्या माहितीसंग्रहांत भारतीयांची माहिती कमी असल्यामुळे आपल्याकडे असे निकाल अधिक येतात. पुढे ज्यांचा उलगडा होतो, त्यांतील बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात.

म्हणून केवळ या नोंदीवरून स्तन किंवा बीजकोष काढू नयेत. (संप्रेरकांवर पोसणाऱ्या कर्करोगाच्या उपचारासाठी डॉक्टर बीजकोषांबाबत काही सुचवत असतील, तर तो मुद्दा निराळा.) निर्णय तुमचे वय, आजाराचे स्वरूप आणि घराण्याचा इतिहास पाहून घ्यावा. हा इतिहास सांगताना वडिलांकडचे नातेवाईकही मोजावेत. असा दोष वडिलांकडूनही येतो, याचा बहुतेक घरांत विसर पडतो. मुलीची या बदलासाठी चाचणी करू नये, कारण निकाल कसाही आला तरी तिचा धोका त्यावरून ठरवता येणार नाही. आईला लहान वयात कर्करोग झाल्यामुळे तिची नियमित तपासणी केव्हा सुरू करावी, एवढे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. आणि नातेवाइकांना ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ असे सांगू नका. ते वाक्य मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांपर्यंत जाऊन पोहोचते.

मनाच्या स्वस्थतेसाठी, रात्री जागून इंटरनेटवर त्या बदलाचा शोध घेणे थांबवा आणि वर्षातून एकदा, फेरतपासणीच्या वेळी, वर्गीकरण बदलले का हे जनुकीय समुपदेशकांना विचारायचे, असे ठरवून टाका. तरीही झोप येत नसेल, तर कर्करोग रुग्णालयातील समुपदेशकांची किंवा मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेण्यास संकोच करू नका. मूळ अहवालाची प्रत जपून ठेवा. फोन क्रमांक बदलल्यास प्रयोगशाळेला कळवा.