कोणत्या भाषेत विचारणार?

डिचोली,
आषाढातला एक ओला दिवस

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. दुबईत नोकरी लागून वर्षही झालं नाही आणि तू ठरवून मोकळी झालीस, की सुट्टीच्या दिवशी तिथल्या जुन्या माणसांच्या आयुष्याच्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या. बरं वाटलं. प्रश्नांची यादीही पाठवलीस. बेचाळीस प्रश्न! एवढे तर पासपोर्ट हापिसातही विचारत नाहीत. ती यादी सध्या कपाटात ठेव. त्याआधी एक गोष्ट ठरव: विचारणार कोणत्या भाषेत?

माझी फजिती ऐक. 1986 साल. मांडवीचा पूल जुलैत कोसळला ते वर्ष, त्यामुळे विसरणं शक्य नाही. नोकरी पणजीत होती. रविवारी बेतीच्या फेरीबोटीने पलीकडे जायचं आणि बारदेशातल्या गावांत आखातात नोकरी केलेल्या माणसांच्या घरी बसून टेप करायचं, असा मला नाद लागला होता. एका घरी साठीच्या एक बाई भेटल्या. नवऱ्याने बाहरीनला तेल कंपनीत बावीस वर्षं काढली, ह्यांनी इथे घर, भाट म्हणजे नारळाची बाग, चार मुलं सांभाळली. नारळ काढणारा पाडेली वेळेवर येत नाही इथपासून बँकेतला कारकून ड्राफ्ट कसा उलटसुलट करून बघतो इथपर्यंत दोन तास बोलल्या, सगळं कोकणीत. मी घरी येऊन ते मराठीत उतरवलं. तेव्हा मला शुद्ध मराठीचा भारी सोस होता. ‘पतीच्या विरहाने त्या व्याकूळ होत, परंतु धीर सोडत नसत’ असं एक वाक्य लिहिल्याचं आठवतं. कॅसेट महाग म्हणून तीच पुसून पुढच्या मुलाखतीला वापरली.

लेख छापून आला. पाच-सहा वर्षांनी त्यांचा मुलगा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटला. आई वारली होती. म्हणाला, "मास्तर, लेख जपून ठेवलाय. पण आमची आई असं कधी बोललीच नसती. ती म्हणायची, ‘म्हाका हुस्को करपाक वेळच नासलो.’"

हुस्को म्हणजे काळजी, घोर. मला काळजी करायला वेळच नव्हता, एवढंच ती म्हणत होती. त्यात विरह मी घातला. बावीस वर्षांत तिला जे परवडलं नाही ते मी तिच्या नावावर जमा करून टाकलं. आणि पडताळायला टेपही उरली नव्हती.

मराठी-कोकणीचा जुना वाद मी इथे उकरत नाही, घाबरू नकोस. दोन्ही भाषा माझ्या घरातल्याच आहेत. इतक्या जवळच्या भाषेतून उतरवताना जर माझ्या हातून असं झालं, तर मल्याळम, पश्तू, सिंधी, बलुची, तागालोग यांचं काय होईल, ते बघ.

तुझ्या मेसेजमध्ये तू म्हणतेस, ‘काका, इथे हिंदीवर सगळं निभतं.’ निभतं खरं. पण ती बाजारी हिंदी. तिच्यात टॅक्सी थांबते, भाजीचा भाव होतो, पगार, सुट्टी आणि खोलीभाडं सांगता येतं. तिच्यात विचारलंस तर माणूसही तेवढंच सांगेल: कुठल्या साली आलो, कुठल्या कंपनीत होतो, किती मुली उजवल्या. खोटं काही नसतं त्यात. पण तीस वर्षांचं आयुष्य दहा मिनिटांत आटपतं आणि तुला वाटतं, ह्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

तेव्हा जोडीदार शोध. मल्याळी आजोबांकडे जाताना मल्याळी सहकारी सोबत ने आणि प्रश्न त्यालाच विचारू दे. दर वाक्याला ‘काय म्हणाले, काय म्हणाले’ करू नकोस. धागा तुटतो आणि बोलणारा तुझ्यासाठी सोपं-सोपं बोलायला लागतो. तू नुसती बस. अर्धा तास एक अक्षर कळलं नाही तरी चेहरा कळतो, कुठे आवाज खाली गेला ते कळतं. तेवढी वेळ टिपून ठेव. मग दोघांनी मिळून टेप परत ऐका आणि त्या जागेवर थांबून त्याला विचार, की इथे नेमका कुठला शब्द होता. तो शब्द देवनागरीत जसाच्या तसा लिही, अर्थ शेजारी. बिनअर्थाचा राहिला तरी चालेल, पण बदलू नकोस.

वयस्कर अमिराती माणसं मात्र तुला चकवतील. त्यांच्यातले पुष्कळ जण हिंदी सहज बोलतात. वाडवडील मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला येत. जपानी कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम पिकवलेले, मोती आले, वर 1929 नंतरची मंदी, त्यात तो धंदा बसला, पण भाषा राहून गेली. त्यांच्या बोलीत पंख्याला ‘बंका’ म्हणतात, बटाट्याला ‘आलू’, सरळ जा म्हणताना ‘सीदा’. तरी त्यांच्याकडेही अरबी येणारं कोणी ने. समुद्राबद्दल, आईबद्दल माणूस पाहुण्यांच्या भाषेत बोलत नाही.

आता सालांबद्दल. माणसांना साल आठवत नाही. आपल्याकडे ‘पूल पडला त्याच्या आदल्या वर्षी’ असं सांगतात, तसंच तिथेही. मी म्हाताऱ्या आखातकरांना एकच विचारायचो: पहिला पगार कुठल्या नोटांत मिळाला? आखातात पूर्वी आपला रुपयाच चालायचा. सोन्याच्या तस्करीत रुपया वाहून जातो म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तसा दुबई, कतारसारख्या राज्यांनी रुपया सोडला. दुबईत पुढे कतारबरोबरचा सामाईक रियाल आला आणि 1973 मध्ये दिरहम. म्हणजे नोटेचा रंग सांगितला की साल तुझ्या हातात. वर, हा प्रश्न विचारला की माणूस आपोआप खिशाकडे हात नेतो आणि मग त्या पैशाचं पहिल्यांदा काय घेतलं ते सांगतो. ते ‘पहिल्यांदा काय घेतलं’ खरं ऐकण्यासारखं.

दुसरं, संयुक्त अरब अमिरात हा देशच 2 डिसेंबर 1971चा. आपल्या गोव्याच्या मुक्तीपेक्षा दहा वर्षांनी धाकटा. त्याआधी आलेल्याला ‘युएईत कधी आलात’ विचारशील तर तो हसेल. मुंबईहून बोटीने आलेला कोणी भेटला तर बोटीचं नाव विचार. ‘द्वारका’ 1982 पर्यंत चालत होती. ‘दारा’चं नाव मात्र तू होऊन काढू नकोस. 8 एप्रिल 1961 ला दुबईजवळ तिच्यात स्फोट झाला, 238 माणसं गेली. ज्याचं कोणी तिच्यात होतं तो सांगायचं तेव्हा सांगेल.

परवानगीचं हसण्यावारी नेऊ नकोस. तिथे न विचारता कोणाचा आवाज किंवा फोटो घेणं हा गुन्हा आहे, पण कायद्याचं सोड. ज्याचा व्हिसा कंपनीच्या हातात, त्याने मुकादमाबद्दल एक वाक्य बोललं आणि ते फिरत-फिरत भलत्या कानावर गेलं, तर विमानात तो बसेल, तू नाहीस. आधी विचार, संपल्यावर परत विचार, आठवड्याने फोन करून तिसऱ्यांदा विचार. पहिला होकार भिडेपोटी असतो. नाव नको म्हणाला तर गावही लिहू नकोस. कामगारांच्या कॅम्पमध्ये मशीन घेऊन तर मुळीच शिरू नकोस. त्याच्या सवडीने बाहेर, चहाच्या टपरीवर भेट.

मशीनबद्दल तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढंच सांगतो, की तुमच्याकडचा एसी हा आमच्याकडचा पाऊस आहे. माझ्या अर्ध्या टेपांवर कौलांवरच्या सरीच ऐकू येतात, मागून कुठेतरी माणूस बोलतो. जूनमध्ये कोणाला एसी बंद करायला सांगू नकोस, जीव जाईल. लांबच्या मुलाखती डिसेंबर-जानेवारीत ठेव, कॉलरला लावायचा माइक घे, आणि समोरचा गप्प झाला की तूही गप्प राहा. ‘हं, हं’ करायची तुझी सवय मेसेजमध्येसुद्धा कळते.

मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिच्या प्रती करायच्या, दोन तरी, वेगवेगळ्या ठिकाणी. का ते वर सांगितलंच आहे.

चतुर्थीला येशील तेव्हा पहिली टेप घेऊन ये. भाषांतर नको, तशीच ऐकव.

तुझा,
काका

ता. क. तुमच्या दुबईतल्या देऱ्यात जुन्या वस्तूंच्या दुकानांत कॅसेट प्लेअर मिळतात म्हणे. चालू स्थितीतला एक दिसला तर घेऊन ठेव, पैसे इथे देतो. पुसल्या नाहीत अशा अकरा कॅसेट माझ्याकडे अजून आहेत. त्यातल्या तिघींना बुरशी लागली आहे, बाकीच्यांचं ह्या पावसाळ्यानंतर काय होईल सांगता येत नाही.