१८६७ मध्ये ब्रिटिश वसाहती जोडून बनलेल्या कॅनडाच्या संघराज्याला कडाडून विरोध करणारे नोव्हा स्कोशियाचे नेते आणि पत्रकार जोसेफ हाऊ पुढे त्याच सरकारात मंत्री का झाले?

कारण नोव्हा स्कोशियाला, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या प्रांताला, संघराज्यातून बाहेर काढण्याचा सनदशीर मार्ग १८६८ मध्ये बंद झाला आणि बंडाचा किंवा अमेरिकेत विलीन होण्याचा मार्ग हाऊंना मान्य नव्हता. १८६७ च्या केंद्रीय निवडणुकीत त्यांच्या विरोधी गटाने प्रांतातल्या १९ पैकी १८ जागा जिंकल्या होत्या, म्हणजे लोकमत स्पष्टच होतं. तो कौल घेऊन ते लंडनला गेले, पण ब्रिटिश सरकारने प्रांताला वेगळं करायला साफ नकार दिला. मग त्यांनी पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांच्याशी वाटाघाटी करून प्रांताच्या कर्जाचा जास्त भार केंद्राने उचलण्याची तरतूद आणि १० वर्षांचं जादा वार्षिक अनुदान मिळवलं, आणि जानेवारी १८६९ मध्ये मंत्रिमंडळात गेले. माणूस मुळात लढवय्या पण कायदा मानणारा. १८३५ मध्ये प्रांताची राजधानी हॅलिफॅक्स इथल्या दंडाधिकाऱ्यांवर टीका करणारं पत्र आपल्या वर्तमानपत्रात छापल्याबद्दल खटला झाला, तेव्हा स्वतःच सहा तासांहून अधिक बोलून ते सुटले होते. १८४८ मध्ये नोव्हा स्कोशियात विधिमंडळाला जबाबदार असलेलं सरकार आलं, तेही शस्त्र न उचलता, आणि त्यात हाऊंचा वाटा मोठा होता. मला तरी १८६९ चा निर्णय याच स्वभावाला धरून वाटतो.

मात्र एक लक्षात घ्या: जुन्या सहकाऱ्यांपैकी अनेकांनी याला दगाच मानलं. मंत्री झाल्यामुळे त्यांना आपल्या हँट्स मतदारसंघात पोटनिवडणूक लढवावी लागली; ती ते जिंकले, पण फार झगडून.