रविवारी साडेचारला येणारी जाग

*ताई, मी पुण्यात सहकारनगरला राहते, वय ५४. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. झोपेतच गेले. बावीस वर्षं ह्यांचा नेम होता, रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढायचा. मी साडेचारला उठून डबा करून द्यायचे, पण त्या वाटेने एकदाही गेले नाही. ‘तूही चल’ म्हणायचे, मी म्हणायचे, पुढच्या रविवारी. अजूनही रविवारी साडेचारलाच जाग येते आणि हाताला काही काम नसतं. भाचीने मनालीजवळच्या एका शिबिराची माहिती पाठवली आहे. फक्त बायकांसाठी, आठ दिवस, तंबूत राहायचं, ट्रेक, रॅपलिंग वगैरे. मला जावंसं वाटतंय. जाऊबाई म्हणाल्या, ‘वर्षश्राद्ध होतंय न होतंय तोच हिंडायला निघालीस?’ सासूबाई ८१ वर्षांच्या. त्या काहीच बोलत नाहीत आणि तेच जास्त लागतं. मी दुःखापासून पळतेय का? आणि तिथे मला खरंच मजा आली तर?*

प्रिय मैत्रिणीस,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. बाकीचे प्रश्न तुम्हाला इतरांनी दिलेत, हा मात्र तुमचा स्वतःचा आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर.

मजा येईल. सगळा वेळ नाही, पण येईल, आणि तुम्ही तयार नसताना येईल. माझे यजमान गेले त्यानंतर दोन वर्षांनी मी अशाच एका शिबिराला गेले होते, इथेच सह्याद्रीत. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही अकरा जणी लसूण सोलत बसलो होतो. त्यात बँकेतून कॅशिअर म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. सोललेल्या पाकळ्या त्या अंगठा ओला करून, नोटा मोजाव्यात तशा मोजत होत्या. त्यांचं त्यांनाच ते कळलं आणि त्या हसायला लागल्या. मग मी हसले. पोट दुखेस्तोवर हसले. माझा तो आवाज मीच दोन वर्षांत ऐकला नव्हता.

रात्री तंबूत तेवढंच रडू आलं. ह्यांना मागे टाकून हसले असं वाटत होतं. शेजारच्या स्लीपिंग बॅगमधल्या बाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी टॉर्च विझवला, स्वतःच्या स्वेटरची घडी केली आणि माझ्या डोक्याखाली सरकवली. घरी भेटायला आलेल्या कितीतरी माणसांनी मला कितीतरी चांगलं सांगितलं होतं, त्यातलं आज फारसं आठवत नाही. तो स्वेटर आठवतो.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी १९९९ साली दुःखाबद्दल एक मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं की शोक करणारं माणूस एका रेषेत ‘सावरत’ जात नाही. ते कधी गेलेल्या माणसाकडे जातं, कधी समोरच्या आयुष्याकडे, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दोन्हीकडचं जाणं हा शोकाचाच भाग असतो. मी हे वाचलं तेव्हा मला ती लसणीची संध्याकाळ आणि ती रात्र दोन्ही कळल्या. झोका पुढे गेला की तुम्ही पळालात असं होत नाही हो.

आता तुम्ही ज्याला ‘वगैरे’ जोडून मोकळ्या झालात, त्या रॅपलिंगबद्दल, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरण्याबद्दल. कड्याच्या टोकाशी उभं करतात. कमरेला हार्नेस म्हणजे जाड पट्ट्यांचा पट्टा, त्याला कॅराबिनर नावाच्या धातूच्या कडीतून दोर, आणि शिवाय सेफ्टीचा दुसरा दोर, तो वर कुणीतरी धरलेला. तुमची पाठ दरीकडे. मग सांगतात, मागे बसा. खुर्चीत बसतो तसं, जिथे खुर्ची नाही तिथे. अंग ओरडून सांगतं की कड्याला चिकट. पण चिकटलं की वजन तळव्यांवरून निसटतं आणि पाय घसरतात. मागे रेललं की वजन दोरावर जातं आणि तळवे दगडावर सपाट बसतात.

हे ऐकायला सोपं आहे. मी तशीच खिळून उभी राहिले होते, हात थरथरत होते. आमची प्रशिक्षक माझ्या मुलीपेक्षा लहान होती. ती ‘काही होत नाही’ असं म्हणाली नाही. म्हणाली, ‘काकू, दोर ओढून बघा.’ ओढला. ‘अजून जोरात.’ ओढला. ‘आता दोन्ही हातांनी.’ तसाही ओढला. मग बसले.

चौदा महिने तुम्ही घर, सासूबाई, बँकेची कागदपत्रं, आल्यागेल्याचं सगळं एकटीने धरून ठेवलं असणार. आपलं वजन दुसऱ्या कुणावर टाकलं तरी ते पेललं जातं, हे तुमच्या अंगाला पुन्हा एकदा कळावं म्हणून मी तुम्हाला जा म्हणतेय. आणि बायकांचं शिबिर असल्याने ते सोपं जाईल. तिथे तुम्ही कुणाच्या वहिनी नसता, कुणाच्या सूनबाई नसता. रात्री अचानक घाम फुटला किंवा चढताना लघवीला थांबावं लागलं, तर ते सरळ सांगता येतं.

जाऊबाईंचं मनावर घेऊ नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो कित्ता सगळ्या गावांपुढे ठेवला. एका गावाला जे जमलं ते पुण्यातल्या एका घराला जमेल.

सासूबाईंचं वेगळं आहे. त्यांनी मुलगा गमावलाय. त्यांचं गप्प राहणं तुमच्यावरचा राग आहे असं तुम्ही धरून चाललाय, पण मला पत्रात तसं कुठे दिसलं नाही. कदाचित घरातलं आणखी एक माणूस डोंगराकडे निघालंय याचीच त्यांना धास्ती असेल. त्यांच्याजवळ बसा. परवानगी मागायला नको, सांगायला बसा. कुठे जाणार, कोण बरोबर, रोज फोन लागेल की नाही, तेवढे दिवस त्यांच्याजवळ कोण राहील. आणि हेही विचारा की लहानपणी ह्यांना डोंगराचं वेड कसं लागलं. तुम्हाला बावीस वर्षांचा नेम माहीत आहे, त्यांना त्याच्या आधीचा माणूस माहीत आहे.

आता तयारी, कारण नुसत्या इच्छेवर गुडघे चालत नाहीत. आधी डॉक्टरांकडे जाऊन बीपी, साखर, हृदय तपासून घ्या आणि उंचीवर जाणार आहात हे त्यांना सांगा. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर आहे, तिथे सहसा त्रास होत नाही. शिबिरात अडीच हजारांच्या वर मुक्काम असेल तर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. डोकं दुखलं, मळमळलं तर लपवायचं नाही, आणखी वर चढायचं नाही, आणि वाढलं तर खाली यायचं. इतरांची गैरसोय होईल म्हणून बायका हे अंगावर काढतात. तुम्ही काढू नका.

आयोजकांना मोकळेपणाने प्रश्न विचारा. प्रशिक्षकांनी गिर्यारोहणाचे कोर्स कुठे केलेत, त्यात बायका किती, एका प्रशिक्षकामागे किती जणी, प्रथमोपचार कोण करतं, जवळचं हॉस्पिटल किती लांब, स्वच्छतागृहाची सोय काय. मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे नाव घातलं होतं त्यांनी या प्रश्नांवर नुसतं ‘मॅडम, काळजी करू नका’ म्हटलं. मी पैसे परत मागितले. ते मिळाले नाहीत, तरी तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. वयाची चिंता मात्र सोडा. १९८४ साली एव्हरेस्ट चढलेल्या बचेंद्री पाल यांनी २०२२ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची तुकडी अरुणाचलपासून लडाखपर्यंत हिमालयातून नेली. निघाल्या तेव्हा त्या स्वतः सदुसष्ट वर्षांच्या होत्या.

बूट आत्ताच घ्या आणि रोज वापरा. उतरताना बोटं पुढे आपटणार नाहीत इतकी जागा असू द्या. पर्वती तुमच्या दाराशी आहे. १०३ पायऱ्या, आठवड्यातून चार दिवस, आधी एकदा, मग दोनदा, मग पाठीवर थोडं वजन घेऊन. मध्ये तळजाईची टेकडी.

एक काळजीपोटी लिहिते. झोप-जेवण सुटलं असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर शिबिराच्या आधी समुपदेशकांकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. डोंगर त्यानंतरही तिथेच असेल.

राहिला सिंहगड. मनालीच्या आधी तो चढा असं मला मनापासून वाटतं. पायथ्यापासून जवळजवळ सहाशे मीटरची चढण आहे, तुम्हाला पहिल्या खेपेला दोन तास लागतील, लागू देत. भाचीला बरोबर घ्या. त्या वाटेवर ताक, लिंबू सरबत, काकड्या घेऊन बसणाऱ्या बायका असतात. बावीस वर्षं दर रविवारी जाणाऱ्या माणसाला त्यातली एखादी नक्की ओळखत असेल. चौदा महिने हे का आले नाहीत, ते तिला कुणी सांगितलं नसेल. तुम्ही थांबा, ताक घ्या, भाचीकडच्या फोनमधला ह्यांचा फोटो दाखवा आणि तिला सांगा. मग ती काय सांगते ते ऐका. ह्यांच्या रविवारांतला जो भाग तुमच्या वाट्याला कधी आला नाही, तो तिच्याकडे आहे.

डबा थोडा जास्तच करा, तिलाही द्यायला.

तुमची,
ताई